स्किड स्टीअरच्या हायड्रॉलिकवर ट्रॅक्टरची अवजारे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

स्किड स्टीअर, म्हणजे चाके घासत जागच्या जागी वळणारा लहान लोडर, कोणत्याही कंपनीचा असला तरी आपल्याकडे त्याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात. हे यंत्र मुळात शेडसाठीच जन्माला आले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे येथे सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ मध्ये, टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये जागच्या जागी वळून घाण काढता यावी म्हणून, तीन चाकांचा लहान लोडर बनवला आणि त्यातूनच पुढे चार चाकांचे आजचे रूप तयार झाले. आता मोठ्या गोठ्यांत, कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि बांधकामांवर हे यंत्र दिवसातले काही तास राबते आणि उरलेला वेळ उभे असते. त्याच शेडच्या कोपऱ्यात ट्रॅक्टरची टिपिंग ट्रॉली, खड्डे काढण्याचा डिगर, पीटीओवरची कडबाकुट्टी अशी अवजारे पडून असतात. ट्रॅक्टर नांगरटीत गुंतलेला असताना ही अवजारे स्किड स्टीअरवर चालवता येतील का, हा प्रश्न अशा वेळी प्रत्येक मालकाच्या मनात येतो.

त्याचे उत्तर ‘काही चालतील, काही चालवू नयेत’ असे आहे. कोणते अवजार कोणत्या गटात बसते, हे हिशेब केल्यावरच कळते. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा पीटीओ शाफ्ट असतो, इंजिनची ताकद गिअरमधून थेट त्यावर येते. स्किड स्टीअरला असा शाफ्ट नसतो. त्याची बाहेर देण्याची सगळी ताकद दोन होजमधून (जाड रबरी नळ्यांमधून), ऑइलच्या रूपाने जाते आणि वापरलेले ऑइल त्यातल्याच एका होजने परत येते. नवा माणूस जाणाऱ्या ऑइलचा, म्हणजे दाबाचा आणि ताकदीचा, विचार पुष्कळ करतो, पण परत येणाऱ्या ऑइलकडे त्याचे लक्ष नसते. माझ्या पाहण्यात जी मोडतोड झाली, तिच्यातील बहुतेक परतीच्या बाजूनेच झाली, म्हणून या लेखात त्या बाजूला जास्त जागा दिली आहे.

पायरी १: यंत्राचे आकडे मिळवणे

यंत्राच्या पुस्तिकेत ‘ऑक्झिलरी हायड्रॉलिक’ या शीर्षकाखाली दोन आकडे दिलेले असतात: पंप मिनिटाला किती लिटर ऑइल देतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब जास्त झाला की ऑइल परत सोडणारी झडप, किती दाबाला उघडतो. मध्यम आकाराच्या यंत्रांत हे आकडे साधारणपणे मिनिटाला ६० ते ९० लिटर आणि २०० ते २४० बार असे असतात. ‘हाय फ्लो’ची सोय असलेली यंत्रे १०० ते १५० लिटरपर्यंत ऑइल देतात. हे लिटर इंजिन पूर्ण वेगाने फिरत असतानाचे असतात, त्यामुळे अर्ध्या वेगाला ऑइलही जवळपास अर्धेच मिळते. शिवाय पुस्तिकेतील आकडा नव्या पंपाचा असतो. यंत्र काही हजार तास चाललेले असेल तर हायड्रॉलिकच्या वर्कशॉपमध्ये फ्लो मीटर लावून, ऑइल गरम असताना, प्रत्यक्ष मोजणी करून घ्यावी, कारण झिजलेला पंप थंड ऑइलवर आपले दुखणे लपवतो आणि गरम ऑइलवर ते उघड करतो.

आकड्यांबरोबर आणखी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. बाहूवरील दोन मोठ्या कपलरांच्या, म्हणजे होज जोडण्याच्या तोंडांच्या, शेजारी तिसरा लहान कपलर आहे का, हे पाहावे. तो ‘केस ड्रेन’चा कपलर असतो आणि त्याचे महत्त्व पुढे येईल. दुसरे असे की ऑइलचा प्रवाह बटण दाबून धरेपर्यंतच चालतो की एकदा दाबल्यावर सतत चालू ठेवता येतो, हेही तपासावे, कारण फिरणाऱ्या अवजाराला सतत प्रवाह लागतो.

आता ताकद काढता येते. बारमधील दाबाला मिनिटाच्या लिटरांनी गुणून ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. मिनिटाला ७५ लिटर ऑइल आणि २१० बारचा रिलीफ असलेले यंत्र घेऊ. होज आणि कपलरांतील घट वजा केल्यावर ऑइलच्या दाबाने अवजार फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरपाशी १९० बार उरतात असे धरले, तर ७५ गुणिले १९० भागिले ६०० म्हणजे जवळपास २४ किलोवॅट होतात. मोटरमध्येही आतली गळती आणि घर्षण मिळून पाचव्या हिश्श्याच्या आसपास घट होते, म्हणजे अवजाराच्या शाफ्टवर १९ किलोवॅट, साधारण २६ हॉर्सपॉवर, पोहोचतात. यंत्राच्या बॉनेटवर ६० किंवा ७० हॉर्सपॉवर लिहिलेले असले तरी अवजारासाठी मिळतात ते हे २६. फसगत नेमकी येथेच होते. इंजिनचा आकडा पाहून अवजार निवडले की ते मातीत घुसताच थांबते आणि दोष मोटरला दिला जातो.

पायरी २: अवजारांची निवड

पहिल्या गटात फक्त जॅक असलेली अवजारे येतात: टिपिंग ट्रॉली, हायड्रॉलिकने उचलला जाणारा पलटी नांगर, लाकूड फोडण्याचे यंत्र. त्यांना ताकद कमी लागते आणि ती सगळ्यांत सहज चालतात. दुसऱ्या गटात २० ते २५ हॉर्सपॉवरमध्ये भागणारी फिरणारी अवजारे येतात: खड्डे काढण्याचा डिगर, लहान कडबाकुट्टी, शेणखत पसरवणारे लहान यंत्र, स्लरीचा पंप.

तिसऱ्या गटातील अवजारे जोडू नयेत. सहा फुटी रोटाव्हेटरला ४५ ते ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर लागतो, तेव्हा वरच्या २६ हॉर्सपॉवरवर तो चालणार नाही आणि चालवण्याचा आग्रह धरला तर रिलीफ व्हॉल्व्ह सारखा उघडत राहून ऑइल तापेल. मळणीयंत्राचीही तीच गोष्ट. तासन् तास सलग, भरपूर ताकदीने करायचे काम ट्रॅक्टरचेच आहे. गिअरमधून जाणारी ताकद फार थोडी वाया जाते, तर ऑइलमधून जाणाऱ्या ताकदीचा बराच हिस्सा उष्णतेत जातो आणि त्याचे डिझेल मालकालाच भरावे लागते.

डिगरबद्दल वेगळे सांगायला हवे. डाळिंब, आंबा किंवा द्राक्षाच्या मांडवाचे खांब यांसाठी खड्डे काढणारा ट्रॅक्टरचा डिगर पीटीओवर चालतो. तो एकाच दिशेने फिरतो, म्हणून दगडात किंवा मुळात अडकला की उलटा फिरवून सोडवता येत नाही. हायड्रॉलिक मोटर मात्र उलटी फिरवता येते. त्यामुळे डिगरसाठी पीटीओचा गिअरबॉक्स जपत बसण्यापेक्षा तो काढून, मोठी आणि सावकाश फिरणारी मोटर थेट ऑगरच्या (जमिनीत घुसणाऱ्या स्क्रूच्या) शाफ्टवर बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मिनिटाला ७५ लिटर ऑइलवर ऑगर १०० फेऱ्यांनी फिरवायचा असेल तर सुमारे ६९० सीसीची, म्हणजे एका फेरीला तेवढे घन सेंटिमीटर ऑइल घेणारी, मोटर लागते, आणि सावकाश फिरणाऱ्या ‘ऑर्बिट’ प्रकारच्या एवढ्या मोठ्या मोटरी मिळतात.

पायरी ३: जॅकची अवजारे जोडणे

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब साधारणपणे १५० ते २०० बार असतो आणि ट्रॉलीचा जॅक, त्याची सील, त्याचे होज हे सगळे त्याच हिशेबाने बसवलेले असते. स्किड स्टीअरचे २३० बार त्या जॅकमध्ये सोडले तर सील फुटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे वेल्डिंग उघडेल. म्हणून अवजाराच्या जवळ, जाणाऱ्या आणि येणाऱ्या होजच्या मध्ये, अवजाराला सोसेल इतक्या दाबावर लावलेला स्वतंत्र रिलीफ व्हॉल्व्ह बसवावा. हा खर्च थोडा असतो आणि तो टाळू नये.

दुसरा फरक वेगाचा. ८० मिलिमीटर व्यासाचा जॅक मिनिटाला २५ लिटर ऑइलवर सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो. तोच जॅक ७५ लिटरवर सेकंदाला २५ सेंटिमीटर धावतो आणि अर्ध्या मीटरचा पूर्ण पल्ला दोन सेकंदांत संपवतो. एवढ्या वेगाने उठणारी भरलेली ट्रॉली उलटू शकते. यावर सोपा उपाय म्हणजे इंजिनचा वेग कमी ठेवणे आणि यंत्रावर अंगठ्याने कमी-जास्त करता येणारा प्रवाहाचा स्विच असेल तर तो हलकाच दाबणे. होजमध्ये साधा नीडल व्हॉल्व्ह घालून प्रवाह आवळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, परंतु पंप देतो तेवढे ऑइल देतच राहतो आणि अडलेले ऑइल रिलीफमधून जाऊन तापते. गरजेपुरते ऑइल जॅकला देऊन उरलेले कमी दाबानेच परत पाठवणारा, तीन तोंडांचा फ्लो कंट्रोल घ्यावा.

तिसरी अडचण फक्त टिपिंग ट्रॉलीची आहे. तिचा जॅक एकाच बाजूने ऑइल घेतो. ऑइल भरले की तो उठतो आणि ट्रॉलीच्या वजनाने ऑइल मागे ढकलून बसतो. ट्रॅक्टरवर दांडी खाली केली की हे ऑइल टाकीत जाते. स्किड स्टीअरवर बटण सोडले की व्हॉल्व्ह बंद होतो आणि ट्रॉली वरच अडकते. ती खाली घेण्यासाठी उलट दिशेचे बटण दाबावे लागते, आणि त्या वेळी दुसऱ्या कपलरला काहीच जोडलेले नसल्याने पंप पूर्ण दाबाने बंद तोंडावर आदळत राहतो. म्हणून अशा जॅकसाठी दोन्ही होज जोडावेत आणि मध्ये हाताने फिरवायचा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवावा, जो एका स्थितीत ऑइल जॅकला देईल आणि दुसऱ्या स्थितीत पंप व जॅक या दोघांचेही ऑइल परतीच्या होजला सोडेल.

येथे टाकीचाही विचार करावा लागतो. एकेरी जॅक उठला की तेवढे ऑइल टाकीतून कमी होते. १०० मिलिमीटर व्यासाचा, एक मीटर पल्ल्याचा जॅक जवळपास ८ लिटर ऑइल स्वतःकडे ठेवतो. टाकी लहान असेल आणि पातळी आधीच खाली असेल, तर पंप हवा ओढू लागतो. जॅक बसलेला असतानाच पातळी पाहावी, मग तो उठवून पुन्हा पाहावी. उठलेल्या ट्रॉलीखाली किंवा यंत्राच्या उचललेल्या बाहूंखाली, लोखंडी टेका लावल्याशिवाय, कोणीही एक क्षणही जाऊ नये.

पायरी ४: पीटीओच्या अवजारासाठी मोटर निवडणे

मोटर किती सीसीची घ्यायची, हे ऑइलच्या लिटरांवर ठरते. ट्रॅक्टरचे बहुतेक पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांचे आणि ३५ मिलिमीटर जाडीच्या, सहा खाचांच्या शाफ्टचे असतात. मिनिटाला ७५ लिटर म्हणजे ७५,००० सीसी ऑइल. त्यातील आठ टक्के मोटरच्या आतल्या आत गळते असे धरून उरलेल्याला ५४० ने भागले की १२८ येतात, म्हणजे बाजारात मिळणारी १२५ सीसीच्या आसपासची मोटर योग्य ठरते. तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), काढण्यासाठी सीसीला दाबाने गुणून ६२.८ ने भागावे. १२५ सीसी आणि १९० बारला सुमारे ३८० न्यूटन मीटर येतात, आणि घर्षण वजा जाता ३४० च्या आसपास हाती लागतात.

मोटर लहान घेतली तर फेऱ्या वाढतात आणि पीळ कमी होतो, मोठी घेतली तर याच्या उलट. दोन्हीकडे थोडी चूक चालते, पण एक चूक जीवघेणी आहे. ७५ लिटरसाठी निवडलेल्या १२५ सीसीच्या मोटरवर कोणी ‘हाय फ्लो’चे बटण दाबले आणि १२० लिटर ऑइल सोडले, तर ५४० फेऱ्यांचे अवजार ८८० च्या वर फिरू लागेल. कडबाकुट्टीची पाती त्या वेगासाठी बनवलेली नसतात. असे अवजार जोडलेले असताना हाय फ्लोचे बटण झाकून किंवा त्याची वायर सोडून ठेवावी, फक्त चालकाला सांगून भागत नाही.

दिशा हाही कळीचा मुद्दा आहे. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून शाफ्टकडे पाहिले तर पीटीओ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्यामुळे अवजाराच्या बाजूने मोटरच्या शाफ्टकडे पाहिल्यावर तीही तशीच फिरायला हवी. मोटरच्या कागदावर कोणत्या तोंडाला दाब दिल्यावर ती कोणत्या दिशेने फिरते, हे शाफ्टच्या टोकाकडून पाहून दिलेले असते. पीटीओचा जॉइंट थेट मोटरच्या शाफ्टवर चढवू नये. जॉइंटचे ओढणे आणि ढकलणे मोटरच्या बेअरिंगला सोसत नाही, त्यासाठी मध्ये स्वतंत्र बेअरिंगचे घर असलेला ठोकळा लागतो. तयार मिळणाऱ्या पीटीओ युनिटमध्ये तो असतो आणि वर्कशॉपमध्ये बनवून घेताना हमखास राहतो.

पायरी ५: परतीची वाट

मोटरच्या शाफ्टभोवती रबराचे सील असते आणि त्याला फार दाब सोसत नाही. मोटरच्या आत जे थोडे ऑइल गळते ते बाहेर काढण्यासाठी तिसरी, बारीक नळी असते आणि तीच केस ड्रेन. पिस्टन मोटरला ती लागतेच, आणि बहुतेक पिस्टन मोटरींच्या केसमधील दाब दोन-तीन बारच्या वर जाऊ द्यायचा नसतो. लहान ऑर्बिट मोटरी केस ड्रेनशिवायही चालवल्या जातात, मात्र तेव्हा परतीच्या होजमधील सगळा दाब शाफ्टच्या सीलवर येतो. परतीचा होज बारीक असेल, त्यात जुना अर्धवट बसलेला कपलर असेल, किंवा लांबच लांब फिरवून आणलेला असेल, तर हा दाब सहज वाढतो. केस ड्रेनचा कपलर नीट बसला नाही तर तो आतून बंदच राहतो आणि मोटर सुरू होताच काही क्षणांत सील बाहेर येते. म्हणून जोडताना तो सर्वांत आधी लावावा आणि सोडताना सर्वांत शेवटी काढावा. स्किड स्टीअरला तिसरा कपलर नसेल, तर वर्कशॉपमधून थेट टाकीपर्यंत स्वतंत्र नळी टाकून घ्यावी.

होजची जाडीही याच हिशेबात येते. ट्रॅक्टरच्या अवजारांना सहसा अर्धा इंची होज असतात. त्यातून ७५ लिटर नेले तर ऑइल सेकंदाला जवळपास १० मीटर वेगाने धावते. दाबाच्या होजमध्ये हा वेग पाच-सहा मीटरच्या आत आणि परतीच्या होजमध्ये दोन-तीन मीटरच्या आसपास असावा, म्हणजे जाण्यासाठी पाऊण इंची आणि येण्यासाठी एक इंची होज घ्यावा. येथे आणखी एक बारकावा आहे. दोन जाळ्यांचा (आत तारेचे दोन थर असलेला) अर्धा इंची होज २७५ बारपर्यंत चालतो, परंतु त्याच प्रकारचा पाऊण इंची होज २१५ बारपर्यंतच चालतो, कारण व्यास वाढला की सोसवणारा दाब घटतो. यंत्र २३० बारचे असेल तर पाऊण इंचीत चार जाळ्यांचाच होज मागावा. दुकानदार ‘हायड्रॉलिकचाच आहे’ असे म्हणून जे देईल ते घेऊ नये, होजवर छापलेला दाब वाचावा.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परत येणाऱ्या ऑइलची स्वच्छता. आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रॉलिकचे ऑइल एकच असते, त्यामुळे ट्रॉलीच्या जॅकमध्ये गिअरची बारीक धातूची पूड, जुने ऑइल आणि पावसाळ्यात उघड्यावर राहिल्याने शिरलेले पाणी, असे सगळे साठलेले असते. स्किड स्टीअरची चाके ज्या हायड्रोस्टॅटिक पंपांवर चालतात, ते पंप बहुतेक यंत्रांत त्याच टाकीतून ऑइल घेतात. म्हणजे ट्रॉलीतली घाण थेट यंत्राच्या सर्वांत महागड्या भागात जाते. आमच्या गोठ्यावर एक पावसाळा बाहेर काढलेली ट्रॉली थेट जोडली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी काचेतून दिसणारे ऑइल ताकासारखे पांढरट झाले होते. टाकी दोन वेळा रिकामी करून धुवावी लागली, फिल्टर बदलावे लागले, आणि तरीही पुढे कित्येक दिवस चाकांच्या पंपाचा आवाज कान देऊन ऐकावा लागला.

तेव्हा पहिल्या जोडणीआधी अवजारातील जुने ऑइल पूर्ण काढावे, जॅक स्किड स्टीअरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ऑइलने भरून एकदा बाहेरच्या भांड्यात रिकामा करावा, आणि परतीच्या होजमध्ये अवजारासाठी वेगळा फिल्टर लावावा. एकच अवजार आज ट्रॅक्टरवर आणि उद्या स्किड स्टीअरवर असे फिरवत राहू नये. ज्या यंत्राला ते द्यायचे ठरले, त्यालाच ते कायम ठेवावे.

पायरी ६: कपलर

ट्रॅक्टरचे कपलर सहसा टोकाला गोळी किंवा शंकू असलेले असतात आणि स्किड स्टीअरचे सपाट तोंडाचे, आयएसओ १६०२८ या मापाचे. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत आणि बसवण्यासाठी ठोकू नयेत. अवजाराच्या बाजूचे कपलर बदलून सपाट तोंडाचे लावणे चांगले, कारण ते पुसता येतात, त्यात माती अडकत नाही आणि सोडताना ऑइल सांडत नाही. जोडण्याआधी दोन्ही तोंडे प्रत्येक वेळी स्वच्छ फडक्याने पुसावीत.

उन्हात ठेवलेल्या अवजाराचा कपलर काही केल्या बसत नाही, असा अनुभव मार्च ते मेमध्ये हमखास येतो. होजमध्ये कोंडलेले ऑइल तापून फुगते आणि आतून दाब देते. अवजार सोडण्याआधी इंजिन बंद करून, पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने दाब उतरवला आणि अवजार सावलीत ठेवले तर हा त्रास बहुतेक टळतो.

पायरी ७: थांबवण्याची सोय

ही पायरी वगळलेल्या मोटरी मी बदलताना पाहिल्या आहेत. कडबाकुट्टीचे जड चाक वेगात असताना बटण बंद केले की ऑइल थांबते, पण चाक थांबत नाही. ते मोटरला फिरवत राहते आणि मोटरच पंप बनते. तिच्या एका तोंडाला ऑइल मिळत नाही, दुसऱ्या तोंडाची वाट बंद असते, एका बाजूला पोकळी आणि दुसऱ्या बाजूला प्रचंड दाब तयार होऊन मोटर किंवा होज फुटतो. यासाठी परतीच्या होजमधून जाणाऱ्या होजकडे, फक्त त्याच दिशेने ऑइल सोडणारा चेक व्हॉल्व्ह मोटरपाशी बसवावा. म्हणजे बंद केल्यावर ऑइल मोटरमध्येच गोल फिरत राहते आणि चाक हळूहळू थांबते. असा व्हॉल्व्ह बसवल्यावर मोटर उलटी फिरवता येत नाही, म्हणून तो डिगरला लावू नये. डिगरचे वजन कमी असते आणि त्याला त्याची गरजही नसते. बंद करताना आधी इंजिनचा वेग उतरवून मग बटण सोडण्याची सवयही लावून घ्यावी.

पायरी ८: अवजार यंत्रावर बसवणे

तीन-पॉइंटच्या अवजारासाठी स्किड स्टीअरच्या पुढील पट्टीवर बसणारी चौकट मिळते. पहिल्या श्रेणीच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या २८ मिलिमीटरच्या असतात, तेवढे जुळवून घ्यावे. खरा प्रश्न वजनाचा आहे. चाकांच्या स्किड स्टीअरची सांगितलेली उचल ही ते पुढे कलंडण्याच्या वजनाच्या निम्मी असते आणि ती बकेटच्या अंतराला मोजलेली असते. चौकट लावली की अवजार आणखी पुढे जाते आणि तेच वजन यंत्राला जास्त जड होते. अवजार नेहमी जमिनीलगत ठेवूनच न्यावे.

दिशा येथे उलटी होते. ट्रॅक्टर अवजार मागून ओढतो, स्किड स्टीअरच्या ते तोंडापुढे असते. त्यामुळे ओढायचे अवजार यंत्र मागे चालवत ओढावे लागते आणि चालकाला मान वळवून काम करावे लागते. खड्ड्यांच्या डिगरला किंवा एका जागी उभ्या कडबाकुट्टीला याने काही फरक पडत नाही, म्हणूनही ती अवजारे येथे शोभतात. ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार फक्त उचलते, ते खाली आपल्या वजनाने बसते. स्किड स्टीअरचे बाहू मात्र त्याला जमिनीत दाबू शकतात आणि त्या दाबाने चौकट वाकते, म्हणून काम फ्लोट स्थितीत, म्हणजे बाहू मोकळे सोडून, करावे. हे यंत्र चाके घासत वळते, तेव्हा अवजार जमिनीत असताना वळलेच तर पिना आणि कान वाकतात. प्रत्येक वळणाआधी अवजार उचलावे. पीटीओच्या जॉइंटवर प्लास्टिकचे आवरण असलेच पाहिजे, आणि जवळ काम करणाऱ्यांच्या अंगावर गमछा, ओढणी किंवा सैल पदर असता कामा नये. दगड उडवू शकणारे अवजार पुढे असेल, तर कॅबच्या उघड्या पुढच्या बाजूला मजबूत पॉलिकार्बोनेटचे दार लावल्याशिवाय ते सुरू करू नये.

पायरी ९: पहिली चाचणी

पहिल्या दिवशी अवजाराला काम देऊ नये. इंजिन सर्वांत कमी वेगावर ठेवून ऑइल दोन-तीन मिनिटे फिरू द्यावे, जॅक असेल तर तो रिकामाच चार-पाच वेळा उठवून बसवावा, मग इंजिन बंद करून टाकीची पातळी पाहावी आणि लागेल तेवढे ऑइल घालावे. गळती शोधताना होजवरून हात फिरवू नये. २०० बारच्या दाबाने सुईच्या छिद्रातून निघालेले ऑइल डोळ्यांना दिसतही नाही आणि ते कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतली बाजू सडू लागते आणि ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळून फिरवावा, त्यावर डाग उमटेल. कोणाला असे ऑइल लागलेच, तर घरगुती उपाय न करता त्याला लगेच रुग्णालयात न्यावे आणि हायड्रॉलिकचे ऑइल दाबाने आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

फेऱ्या टॅकोमीटरने मोजाव्यात. अंदाजाने ५४० ओळखता येत नाहीत. त्यानंतर थोडे काम द्यावे आणि तापमानावर लक्ष ठेवावे. रिलीफ व्हॉल्व्ह उघडून सगळे ऑइल त्यातून जाऊ लागले, तर ७५ लिटर आणि २३० बारला जवळपास २९ किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे चौदा गीझर एकदम चालू केल्यासारखे. टाकीत ४० लिटर ऑइल असेल तर कूलरने उष्णता बाहेर टाकली नाही असे धरून ते मिनिटाला सुमारे २५ अंशांनी तापेल. म्हणून अवजार अडकले की बटण दाबून धरू नये, लगेच सोडून ते मोकळे करावे. ऑइल ८० अंशांच्या पुढे जाऊ लागले तर काम थांबवून इंजिन मध्यम वेगावर रिकामे चालवावे आणि कूलर पाहावा. कडबाकुट्टीजवळ उभ्या यंत्राच्या कूलरवर कुट्टीचा भुसा अर्ध्या तासात चिकटतो आणि तापण्याचे कारण बहुतेक वेळा तेवढेच असते. वाऱ्याची दिशा पाहून यंत्र उभे करावे आणि कूलर आतून बाहेर हवा मारून साफ करावा.

पहिल्या दहा तासांनंतर परतीच्या होजवरचा फिल्टर उघडून त्याची घडी उन्हात पाहावी. चमकणारी पूड दिसली तर ती जुन्या जॅकची की नव्या मोटरची, हे कळेपर्यंत पुढचे काम सुरू करू नये. काही नसेल तर नवा फिल्टर बसवून, सगळे नट-बोल्ट आणि होजची टोके पुन्हा एकदा आवळून, अवजार रोजच्या कामाला लावावे.